काटा एक, बाटल्या अनेक

ताप भराभर चढत असलेल्या मुलाच्या कपाळावर एक हात ठेवा आणि दुसऱ्या हाताने त्याची पावलं धरून पाहा. कपाळ कढत, पावलं गार. थर्मामीटरचा आकडा ३९ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे आपल्या सवयीच्या १०२ फॅरनहाइटच्या पुढे गेलेला, आणि मूल दात वाजवत म्हणतंय, "आई, थंडी वाजतेय, अजून एक गोधडी दे." अंगात एवढी उष्णता भरलेली असताना थंडी कशी वाजते? औषधाच्या कुठल्याही बाटलीबद्दल बोलण्याआधी हे कोडं सोडवायला हवं. ते सुटलं की कुठलं औषध चांगलं, या प्रश्नाचा रोखच बदलतो.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. गिझरवर तापमान ठरवून ठेवायचा काटा असतो, तसं काहीसं काम तो करतो. एरवी हा काटा ३७ च्या आसपास असतो. घशात किंवा छातीत जंतू शिरले की पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन नावाची निरोपी प्रथिनं रक्तात सोडतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरापर्यंत हा निरोप पोचला की तिथली सायक्लोऑक्सिजनेज ही विकरं कामाला लागतात आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचा एक इवला रेणू तयार करतात. हा रेणू काटा ३७ वरून ३९ वर नेऊन ठेवतो. आता अंग ३७ वर आणि काटा ३९ वर. मेंदूच्या हिशेबाने शरीर दोन अंशांनी गारठलेलं आहे! मग तो त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतो, म्हणून पावलं गार पडतात. स्नायूंना थरथरायला लावतो, म्हणून हुडहुडी भरते. आणि मुलाच्या तोंडून गोधडी मागवतो.

म्हणजे ताप शरीराच्या हातून सुटलेला नसतो. तो शरीराने ठरवून, बरीच शक्ती खर्च करून चढवलेला असतो. १९९८ मध्ये क्योटोच्या संशोधकांनी प्रोस्टाग्लँडिन ई-२ चा निरोप ओळखणारा एकच विशिष्ट ग्राहक नसलेले उंदीर तयार केले. ताप आणणारे पदार्थ टोचूनही त्या उंदरांना ताप चढला नाही. अख्ख्या शरीराला फणफणायला लावणारी गोष्ट एका कुलपावर आणि एका किल्लीवर चालते, हे वाचून मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो.

गार पाण्याच्या पट्ट्यांबद्दल डॉक्टर आता फारसे उत्साही का नसतात, तेही यातून कळतं. पट्टीने कातडी गार होते, पण काटा वरच असतो, त्यामुळे शरीर आणखी जोराने हुडहुडी आणतं. मूल रडतं, थकतं. उष्माघाताचं गणित याच्या अगदी उलट. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात ऊन लागून अंग तापतं तेव्हा काटा जागेवरच असतो. बाहेरची उष्णता शरीराच्या सहनशक्तीला भारी पडलेली असते. तिथे पाणी, वारा आणि बर्फ हेच खरे उपचार. तापाच्या गोळीने काही साधत नाही, कारण खाली आणायला काटा वर गेलेलाच नसतो.

आता बाटल्यांकडे वळू. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, पूर्वीचं निमेसुलाइड, त्याहून जुनं ॲस्पिरिन. कुणी गुलाबी, कुणी नारिंगी, पण ताप उतरवताना सगळ्यांचं काम एकच: प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ न देणं. रेणूंचा पुरवठा थांबला की काटा खाली येतो, त्वचेच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, घाम फुटतो आणि आजी म्हणते, "चला, घाम आला, ताप उतरला." जंतूंच्या केसालाही या औषधांनी धक्का लागलेला नसतो.

सगळ्यांचं काम एकच, तर मग तुलना कसली करायची? प्रोस्टाग्लँडिन फक्त मेंदूत नसतात, इथे खरी मेख आहे. त्यांच्यामुळे जठराचं अस्तर आम्लापासून वाचतं, पाणी कमी पडलं तरी मूत्रपिंडाला रक्त मिळत राहतं. त्यांच्याच नात्यातला एक रेणू रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सना एकत्र आणतो. मेंदूतला काटा खाली ओढताना एखादं औषध वाटेत आणखी कुठे कुठे हात घालतं, यावर त्याची लायकी ठरते. कोणी किती झटकन ताप उतरवला, ही स्पर्धा त्यापुढे गौण आहे.

पॅरासिटामॉलची जन्मकथा १८८६ मध्ये, तेव्हा जर्मनीत असलेल्या स्ट्रासबर्गला सुरू होते. आर्नोल्ड कान आणि पॉल हेप हे दोन तरुण डॉक्टर पोटात जंत झालेल्या एका रुग्णाला नॅप्थलीन देत होते. आपण कपाटात टाकतो त्या डांबराच्या गोळ्यांमधला पदार्थ. जंत काही पडले नाहीत, पण ताप उतरला. शोध घेतल्यावर कळलं, की औषधाच्या दुकानातून नॅप्थलीनऐवजी ॲसिटॅनिलाइड नावाचं भलतंच रसायन आलं होतं. ते 'अँटिफेब्रिन' या नावाने बाजारात आलं आणि भरपूर खपलं. मात्र ते घेतल्यावर काही रुग्णांचे ओठ निळे पडत. रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहायची ताकद ते कमी करी. पॅरासिटामॉल त्याआधीच, १८७० च्या दशकात, अमेरिकेत एका प्रयोगशाळेत तयार झालेलं होतं. १८९३ मध्ये जोसेफ फॉन मेरिंग यांनी ते रुग्णांना देऊन पाहिलं आणि यानेही ओठ निळे पडतात असा निर्वाळा दिला. तो बहुधा अशुद्ध नमुन्यामुळे चुकलेला निर्वाळा होता. तेवढ्यावर हे औषध अर्धशतक फडताळात पडून राहिलं.

१९४८ मध्ये बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी दाखवून दिलं, की ॲसिटॅनिलाइड पोटात गेल्यावर यकृतात त्याचं पॅरासिटामॉल होतं आणि ताप उतरवण्याचं श्रेय त्या पॅरासिटामॉलचं आहे. ओठ निळे करणारा गुन्हेगार वेगळाच पदार्थ आहे. इतकी वर्षं लोक नकळत पॅरासिटामॉलच घेत होते, फक्त विषाच्या वेष्टणात! १९५५ मध्ये अमेरिकेत मॅकनील कंपनीने ते पहिल्यांदा विकायला काढलं तेही मुलांचं पातळ औषध म्हणून, आगीच्या लाल बंबासारख्या खोक्यात.

गंमत अशी, की हा इतका जुना आणि ओळखीचा रेणू नेमकं काय करतो यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. जठराचं अस्तर, प्लेटलेट्स यांना तो नेहमीच्या मात्रेत फारसा धक्का लावत नाही. सूज असलेल्या जागी त्याचा प्रभाव जवळपास पडत नाही, मेंदूत मात्र पडतो. सूज आलेल्या ऊतींमध्ये पेरॉक्साइडं फार असतात आणि ती पॅरासिटामॉलला निष्प्रभ करतात, मेंदूत ती कमी असतात, असं एक स्पष्टीकरण आहे. कारण काहीही असो, या मवाळपणामुळेच ते जगभर मुलांच्या तापाचं पहिलं औषध आहे.

पण मवाळ म्हणजे निरुपद्रवी नव्हे. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो. ग्लुटाथायोन नावाचा यकृताचा पहारेकरी त्याला तिथल्या तिथे निकामी करतो. मात्रा फार झाली, किंवा दोन-तीन दिवस नीट न खाल्लेल्या मुलाला पुन्हा पुन्हा जास्त डोस गेले, की पहारेकरी संपतात आणि विष यकृताच्या पेशींवर तुटून पडतं. यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन, आणि तो उत्तम काम करतो. पण वेळेत दिला तर. पहिल्या दिवशी मूल ठीक दिसतं, हा यातला सगळ्यात फसवा भाग.

आयबुप्रोफेन इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचं. बूट्स कंपनीतले स्टुअर्ट ॲडम्स आणि जॉन निकल्सन संधिवातासाठी औषध शोधत होते. शेकडो रसायनं तपासून झाली, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ज्याचं पेटंट घेतलं तो रेणू १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये औषध म्हणून आला. मॉस्कोतल्या एका परिषदेत भाषणाच्या आदल्या रात्री व्होडका जास्त झाल्याने सकाळी डोकं ठणकू लागलं, तेव्हा ॲडम्स यांनी ते स्वतःच घेऊन पाहिलं आणि भाषण पार पडलं. मुलांच्या तापात हे औषध पॅरासिटामॉलपेक्षा थोडं सरस ठरतं. काटा किंचित लवकर खाली येतो आणि परिणाम सहा ते आठ तास टिकतो. अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८४ हजारांहून जास्त तापकरी मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं कुणाला पॅरासिटामॉल, कुणाला आयबुप्रोफेन दिलं गेलं. पोटातल्या रक्तस्रावासारख्या गंभीर त्रासात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. एरवी धडधाकट असलेल्या मुलाला थोडे दिवस, योग्य मात्रेत दिलं तर हे औषध सुरक्षित आहे, असं त्यावरून म्हणता येतं.

"एरवी धडधाकट" हे शब्द मात्र गाळू नका. जुलाब-उलट्यांनी मूल सुकलं असेल, तर त्याचं मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावर तग धरून असतं, आणि आयबुप्रोफेन नेमका तोच आधार काढून घेतं. कांजिण्यांमध्ये ते टाळतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला आपल्याकडे देत नाहीत. आणि डेंग्यू! पावसाळ्याच्या शेवटी पुण्या-मुंबईपासून लातूर-नांदेडपर्यंत कुंड्यांत, टायरांत, कूलरमध्ये डास वाढतात, तेव्हा मुलाचा ताप साधा विषाणूचा की डेंग्यूचा हे पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांनाही सांगता येत नाही. डेंग्यूत प्लेटलेट्स आधीच घटतात. उरलेल्या प्लेटलेट्सना एकत्र येऊ न देणारं औषध अशा वेळी रक्तस्राव वाढवू शकतं. म्हणून त्या हंगामात निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. हा नियम घराघरांत पोचायला हवा असं मला मनापासून वाटतं.

मेफेनॅमिक ॲसिड आयबुप्रोफेनच्याच कुळातलं. भारतात मुलांच्या तापासाठी ते जितकं सर्रास दिलं जातं तितकं फार थोड्या देशांत देतात. "पॅरासिटामॉलने उतरला नाही, पण याने झटकन उतरला," हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक दवाखान्यात ऐकू येतं. झटकन उतरतो हे खरंच, पण आयबुप्रोफेनला लागू असलेल्या सगळ्या खबरदाऱ्या यालाही लागू आहेत आणि मुलांवरच्या अभ्यासांचं पाठबळ कमी आहे. शिवाय ते फार जास्त झालं तर आकडी येऊ शकते. आकडीच्या भीतीने ताप घाईघाईने उतरवू पाहणाऱ्या घरांत हे माहीत असलेलं बरं.

निमेसुलाइड मुलांना यकृताच्या धोक्यामुळे नको, म्हणून २०११ मध्ये भारत सरकारने १२ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर बंदी घातली. ॲस्पिरिनची कथा त्याहून भयंकर. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातले विकृतिशास्त्रज्ञ डग्लस राय यांनी सिडनीच्या मुलांच्या रुग्णालयातल्या काही मुलांबद्दल लिहिलं. फ्लू किंवा कांजिण्यांसारखा साधा आजार बरा होत असताना ही मुलं अचानक ओकू लागत, बेशुद्ध होत. मेंदूला सूज, यकृतात चरबी. अमेरिकेत पुढे लक्षात आलं, की अशा मुलांपैकी बहुतेकांना ताप उतरवायला ॲस्पिरिन दिलेलं होतं. १९८० मध्ये तिथे राय सिंड्रोमच्या ५५५ रुग्णांची नोंद झाली. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका असे इशारे सुरू झाले, १९८६ मध्ये वेष्टनावर तसं छापणं सक्तीचं झालं, आणि १९८७ पासून वर्षाला ३६ पेक्षा जास्त रुग्ण दिसले नाहीत. पालकांनी घरातली एक गोळी बदलली आणि एक जीवघेणा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

मग दोन औषधं एकत्र दिली तर? इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला सहा महिने ते सहा वर्षांच्या १५६ मुलांवर हे पाहिलं गेलं. निष्कर्ष २००८ मध्ये आले. चोवीस तासांचा हिशेब केला तर दोन्ही औषधं मिळालेल्या मुलांचा तापात गेलेला वेळ फक्त पॅरासिटामॉलवाल्यांपेक्षा सुमारे साडेचार तासांनी, आणि फक्त आयबुप्रोफेनवाल्यांपेक्षा अडीच तासांनी कमी होता. आकडा तर खाली आला, पण मुलांच्या अस्वस्थपणात ठोस फरक दिसला नाही. आणि दोन वेळापत्रकं सांभाळताना काही मुलांना दिवसाच्या मर्यादेपेक्षा जास्त डोस गेले. आपल्याकडे तर दोन्ही औषधं एकाच बाटलीत मिसळून मिळतात. दुपारी ती बाटली आणि संध्याकाळी दुसऱ्या नावाचं पॅरासिटामॉल दिलं गेलं, की पॅरासिटामॉलचा डोस दुप्पट झाला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. नावाखालची बारीक अक्षरं वाचायची ती यासाठी.

ती बारीक अक्षरं जरा जवळून पाहू. दहा किलोचं, म्हणजे साधारण वर्षभराचं बाळ घ्या. पॅरासिटामॉलची मात्रा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. मेडिकलच्या दुकानात हेच औषध तीन रूपांत उभं असतं. ज्या सिरपवर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं त्याचे ३ मिलिलिटर झाले. १२० वालं असेल तर सव्वासहा. आणि ड्रॉप्स, ज्यात एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात, त्यांचे फक्त दीड. ड्रॉप्स लहान बाळांसाठी, म्हणजे ते सौम्यच असणार, अशी समजूत असते. खरं तर तिघांत तेच सगळ्यात कडक. सिरपच्या सवयीने कुणी पाच मिलिलिटर ड्रॉप्स पाजले, तर त्या बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम गेले, मोठ्या माणसाच्या एका गोळीएवढे. म्हणून डॉक्टरांकडून मात्रा मिलिलिटरमध्ये, बाटलीच्या नावासकट लिहून घ्यावी आणि आजच्या वजनावरून घ्यावी. दोन डोसांत किमान चार ते सहा तास, आणि दिवसात चारच्या वर नाही. स्वयंपाकघरातला चमचा नको. बाटलीसोबतचं टोपण किंवा सुईविना सिरिंज घ्या.

एवढं सगळं करून ताप उतरवायलाच हवा का? अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात वाळवंटी इग्वाना सरड्यांवर केलेले प्रयोग इथे आठवतात. सरडा थंड रक्ताचा, त्याला आतून ताप चढवता येत नाही. पण जंतू टोचल्यावर तो चालत जाऊन उबदार जागी बसला आणि अंगाचं तापमान दोन अंशांनी वाढवून घेतलं! ३४ अंशांवर ठेवलेले आजारी सरडे सगळे मेले; ४२ वर ठेवलेले बहुतेक वाचले. पुढच्या प्रयोगात बारा सरड्यांना ॲस्पिरिनच्या जवळचं सॅलिसिलेट दिलं. तरीही ज्या पाचांनी ताप आणला ते जगले, ज्या सातांना तो आणता आला नाही ते दगावले. कोट्यवधी वर्षांपासून प्राणी ही महागडी खटपट करत आले आहेत ती उगीच नाही. मुलं सरडे नव्हेत, आणि सर्दी-पडशात पॅरासिटामॉल दिल्याने मुलाचं नुकसान होतं असं दिसलेलं नाही. पण १०१ ताप असूनही मूल खेळत असेल, पाणी पीत असेल, तर औषधाची घाई नको; १०० वर असूनही अंग दुखून किरकिरत असेल, झोप लागत नसेल, तर द्यावं. झोपलेल्या मुलाला फक्त तापासाठी उठवू नये.

आकडीचा धाक खरा आहे, कारण ते दृश्य भयानक असतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते, बहुतेक वेळा ती काही मिनिटांत आपोआप थांबते आणि मेंदूला इजा करत नाही. तापाचं औषध वेळेवर दिल्याने ती टळते असं मात्र अभ्यासांत दिसलेलं नाही. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय गाठा. थांबली तरी डॉक्टरांना दाखवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर औषध पाजून वाट पाहायची नाही, लगेच दाखवायचं. मूल मलूल झालं, लघवी कमी झाली, श्वासाला त्रास आहे, अंगावर लाल-जांभळे डाग उठले, तर वय आणि आकडा कितीही असो, दवाखाना.

आता शेवटची एक चकित करणारी गोष्ट. पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळ, फुप्फुसांना वळसा घालून रक्त नेणारी एक छोटी वाहिनी असते. तिला उघडं ठेवतं कोण? तोच प्रोस्टाग्लँडिन ई-२. जन्मानंतर ती मिटायला हवी, पण दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात कधी कधी ती उघडीच राहते आणि फुप्फुसांत रक्त साचू लागतं. नवजात अतिदक्षता विभागात डॉक्टर ती बंद करायला आयबुप्रोफेन देतात, तापासाठी कपाटात असतं तेच. २०११ मध्ये जेरुसलेमच्या डॉक्टरांनी अशा पाच बाळांबद्दल लिहिलं, ज्यांना आयबुप्रोफेन चाललं नव्हतं किंवा देता येत नव्हतं. त्यांना पॅरासिटामॉल दिलं आणि पाचही जणांची वाहिनी दोन दिवसांत मिटली. मेंदूबाहेर फारसं काही करत नाही अशी ज्याची ख्याती, त्या औषधाने हे कसं साधलं, यावर आजही काम चालू आहे.